देवधर डॉक्टरांची अस्सल रायफल

"हे बघा, नलिनीताई," देवधर डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टार्गेटचा कागद आमच्या काउंटरवर असा पसरला, जणू एक्स-रे दाखवताहेत. कागदावर गोळ्यांची भोकं होती. पहिली दोन-तीन मधोमध, एकमेकांना बिलगून. बाकीची वर, उजवीकडे, जिथे वाट फुटेल तिथे.

"हिवाळ्यात तुम्ही दुर्बीण साफ केलीत. त्याआधी असं कधी झालं नव्हतं."

आत वर्कशॉपमध्ये रॉनची कानस थांबली. रॉन माझा बॉस. त्याला मराठी येत नाही, पण तक्रारीचा सूर त्याला कुठल्याही भाषेत कळतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वॉटफर्डच्या बाहेर एका जुन्या तबेल्यात रॉनचं गनस्मिथचं दुकान होतं. गनस्मिथ म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. लाकूड आणि लोखंड रॉनकडे, काचा माझ्याकडे. मी पुण्यात इन्स्ट्रुमेंट टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केला होता आणि लग्न होऊन इंग्लंडला आल्यावर बरीच वर्षं एका फर्ममध्ये सर्व्हेयर लोकांच्या दुर्बिणी दुरुस्त करत होते. ती फर्म बंद पडली आणि रॉनच्या दुकानात रायफलीवरच्या दुर्बिणी दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं, "तुम्ही काय करता हो?" तर मी खरं सांगायचे. मग समोरच्या बाई मला आणखी एक पुरी वाढायच्या.

त्याच मंडळातले देवधर डॉक्टर. हाडांचे सर्जन, मोठ्या हॉस्पिटलात कन्सल्टंट. बाकीचे डॉक्टर गोल्फ खेळायचे, हे लष्करी स्नायपर रायफली जमवायचे. सगळं रीतसर. पोलिसांचं सर्टिफिकेट, भिंतीत बोल्ट मारलेलं पोलादी कपाट, किल्ली फक्त त्यांच्याकडे. त्यांच्या संग्रहातला लाडका नग म्हणजे ही 'नंबर फोर टी'. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश रायफल. टी म्हणजे टेलिस्कोप. साध्या रायफलींतून ज्या जास्त अचूक निघायच्या, त्या बाजूला काढून त्यांवर दुर्बीण चढवायचे आणि दस्त्यावर गाल टेकायला लाकडाची उशी बसवायचे. दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर ठोकलेला असतो. दोन्ही नंबर जुळले, तर संग्राहकाच्या लेखी तो लक्ष्मीनारायणाचा जोडा. न जुळले, तर नुसतंच लाकूड आणि लोखंड.

डॉक्टरांच्या रायफलीचे नंबर जुळत होते. हे त्यांच्या ओळखीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनासुद्धा.

"फॅक्टरीतून निघाल्यापासून हिला कोणी उघडलेलं नाही," ते सांगायचे. "अस्सल. अनटच्ड."

हिवाळ्यात ती दुर्बीण माझ्याकडे आली होती, कारण आतल्या जुन्या ग्रीसची वाफ धरून काच धुरकट झाली होती. मी ती उघडली, पुसली, बंद केली. सगळ्या कामात डॉक्टर माझ्या खांद्यामागे उभे. "ओरखडा नको हं," दर पाच मिनिटांनी. शेवटी मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही लोकांच्या मांड्या चिरून त्यांत खिळे ठोकता. मी एक रिंग फिरवतेय." त्यावर म्हणाले, "माणसाची कातडी परत जुळून येते, ताई."

आता वसंत आला होता आणि रायफल भरकटत होती. हे त्यांनी नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांना सांगितलं होतं, 'साफ केल्यापासून' हे शब्द न विसरता. संग्राहकांचं जग गल्लीएवढं. एकाने नाक मुरडलं की दुसरा आपली रायफल घेऊन पलीकडच्या गावातल्या दुकानात जातो. रॉन वरवर हसत होता, पण त्या दिवशी त्याने चहात साखर घातली नाही. हे लक्षण चांगलं नसे.

मी दुर्बीण उतरवून कॉलिमेटरसमोर बसवली. कॉलिमेटर म्हणजे एक नळी. तिच्यातून पाहिलं, की आतली फुली क्षितिजापलीकडे आहे असं डोळ्याला वाटतं. त्या फुलीवर दुर्बिणीतला नेम धरायचा टोकदार खांब आणायचा, मग दुर्बिणीला रबरी हातोडीने टपल्या मारायच्या आणि खांब हलतो का बघायचं. मी मारल्या. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. खांब हलला नाही. अंतर बदलायची चकती, म्हणजे ड्रम, पुढे फिरवून मागे आणली. खांब परत जागच्या जागी.

"दुर्बीण ठणठणीत आहे," मी म्हटलं.

"ओपीडीत सगळेच पेशंट ठणठणीत असतात," डॉक्टर म्हणाले.

मग दुर्बीण रायफलीला धरणारा ब्रॅकेट पाहिला. तो जिथे टेकतो तिथे निळा लेप लावायचा, ब्रॅकेट कसून परत काढायचा, आणि निळं कुठे उठलं ते बघायचं. सगळीकडे सारखं उठलं होतं. ब्रॅकेटही निर्दोष.

आता रॉन पुढे आला. त्याचा संशय वेगळा होता. "नेली," तो मला म्हणाला (नलिनी म्हणायला त्याला जमायचं नाही), "तुझा डॉक्टर ही अती साफ करतो. नळीचं तोंड झिजवलं असणार."

संशयाला जागा होती. डॉक्टरांची रायफल साफ करायची हत्यारं ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या कापडात गुंडाळलेली असायची. सळ्या, पितळी टोकं, चौकोनी चिंध्या, सगळं ओळीने. रॉन म्हणायचा, हा माणूस रायफलीला हात लावण्याआधी कोपरापर्यंत साबण लावत असेल. नळीच्या तोंडाची कड हा रायफलीचा नाजूक भाग. गोळी शेवटचा स्पर्श तिला करून बाहेर पडते. तिथे सळी घासून कड झिजली, की गोळी वाकडी निघते.

रॉनने भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग भिंग माझ्याकडे दिलं. कड नव्यासारखी होती.

"सळी नेहमी मागून घालतो मी," डॉक्टर छाती काढून म्हणाले. "पुढून कधीच नाही."

रॉनने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. ते मी डॉक्टरांना भाषांतर करून सांगितलं नाही, कारण त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

राहिलं फक्त लाकूड. नळीच्या खाली जे लांब लाकूड असतं त्याला फोर-एंड म्हणतात. ते मागच्या बाजूला पोलादाला गच्च धरून बसायला हवं आणि पुढच्या टोकाला नळीला खालून हलकासा रेटा द्यायला हवं. ही दोन कामं बिनसली, की पहिल्या गोळ्या बऱ्या जातात आणि नळी तापली की पुढच्या मनाला येईल तिथे. डॉक्टरांच्या कागदावर नेमकं तेच दिसत होतं.

"उघडून बघावं लागेल," रॉन म्हणाला.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"डॉक, आत काय झालंय ते बाहेरून कसं कळणार?"

"सैन्यातसुद्धा शिपायाला फोर-एंड काढायची मनाई होती."

"मी शिपाई नाही. मी गनस्मिथ आहे."

"फॅक्टरीनंतर कोणी उघडलेली नाही ही. तुम्ही पहिले ठराल."

रोज लोकांना उघडणारा माणूस असं म्हणत होता. मी आणि रॉनने एकमेकांकडे पाहिलं. त्याने चहाचं पाणी ठेवलं.

भांडण तिथेच अडकलं आणि रायफल आमच्या स्ट्राँगरूममध्ये राहिली. त्या आठवड्यांत एकदा आर्थर आले, काठी टेकत. आर्थर हे डॉक्टरांचे क्लबातले जोडीदार. सत्तरी उलटलेली. तरुणपणी युद्धात त्यांनी अशीच रायफल वापरली होती, पण त्याबद्दल ते एक शब्द बोलायचे नाहीत. उन्हाळ्यात क्लबात जुन्या रायफलींची जोडीची मॅच असायची. एकाने दुर्बिणीतून बघून वारा सांगायचा, दुसऱ्याने गोळी मारायची. डॉक्टर बघायचे, आर्थर मारायचे, आणि दरवर्षी त्यांचा नंबर वरचा असायचा.

आर्थरचा डावा खुबा पार झिजला होता. बदलायला हवा होता. वेटिंग लिस्टवर त्यांचं नाव वर आलं, हॉस्पिटलातून बोलावणं आलं, आणि त्यांनी नकार कळवला. सर्जन अर्थात देवधर.

"का हो?" मी विचारलं.

"ज्या माणसाला स्वतःच्या रायफलीतले स्क्रू सांभाळता येत नाहीत," आर्थर स्टुलावर बसताना कण्हत म्हणाले, "त्याला माझ्या ढुंगणात स्क्रू घालू देऊ?"

मी हसले. ते हसले नाहीत. चहाचा कप तसाच बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, असं ऑपरेशन किती वेळ चालतं. तेव्हा मला कळलं की हा विनोद नाही. म्हातारा घाबरलाय, आणि त्याला एक छान निमित्त मिळालंय.

देवधर डॉक्टरांनाही हे कळलं होतं. एका शनिवारी ते दुकानात एकटेच आले तेव्हा हळूच म्हणाले, "ताई, त्याला रात्री कूस बदलता येत नाही. उशीर केला तर पुढे खुर्चीत बसेल. मी समजावतो तर म्हणतो, आधी रायफल सरळ कर." बोलताना ते कुठल्याही पेशंटच्या नातेवाइकासारखे दिसत होते.

मग एक विचित्र गोष्ट झाली. रॉन रायफल घेऊन गावाबाहेरच्या चुनखडीच्या खाणीतल्या रेंजवर गेला आणि परत येऊन त्याने कागद माझ्यासमोर टाकला. भोकं पुष्कळ जवळ आली होती. सगळी नाही, पण पुष्कळ.

"काय केलंस?"

"काही नाही. तिला आपण आवडतो बहुतेक."

डॉक्टर खूश होऊन रायफल घरी घेऊन गेले. महिन्याभरात परत आले. कागद पुन्हा चाळणीसारखा.

आमच्याकडे बरी, घरी आजारी. सासुरवाशिणीचं असं ऐकलं होतं, रायफलीचं पहिल्यांदाच.

त्याच सुमारास सुमतीवहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, रविवारी जेवायला बोलावलं. वहिनींना रायफली अजिबात आवडत नसत. त्यांचा नवऱ्याशी करार होता, की ही वस्तू दिवाणखान्यात दिसता कामा नये. टेबलाशी डॉक्टरांच्या आई बसल्या होत्या. नाशिकहून आलेल्या, ऐंशीच्या पुढच्या, कानाने तिखट. मागच्या शरद ऋतूत त्या मुलाकडे कायमच्या राहायला आल्या होत्या.

मसालेभात झाला, मठ्ठा झाला. वहिनी म्हणाल्या, "नलिनी, दही घेशील ना? थांब हं, ताजं लागलंय."

"इथल्या थंडीत तुमचं दही लागतं? माझं तर नुसतं दूधच राहतं."

"अगं, युक्ती आहे. ये, दाखवते."

त्या मला जिन्याच्या वरच्या एअरिंग कपबर्डपाशी घेऊन गेल्या. इंग्लंडच्या घरात गरम पाण्याची मोठी टाकी ज्या कपाटात असते ते हे. कपडे वाळवायला बारा महिने ऊबदार. वहिनींनी दार उघडलं. डावीकडे टाकी. उजवीकडे, टाकीला जवळजवळ चिकटून, भिंतीत बोल्ट मारलेलं उभं पोलादी कपाट. आणि त्या कपाटाच्या डोक्यावर टॉवेलात गुंडाळलेलं दह्याचं पातेलं.

"ह्यांचं कपाट वरून असं मस्त कोमट राहतं," वहिनी म्हणाल्या. "रात्री विरजण लावलं की सकाळी सुरीने कापावं असं दही."

मी पोलादावर हात ठेवला. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं लागलं.

"वहिनी, हे कपाट इथे कधीपासून आहे?"

"आई आल्या तेव्हापासून. आधी पाहुण्यांच्या खोलीत होतं, ती खोली आता आईंची. पोलीस येऊन बघूनसुद्धा गेला. बोल्ट ओढून पाहिले, चहा घेतला, व्हेरी गुड म्हणाला."

पोलिसाचं काम चोर आत शिरेल का हे बघायचं. लाकूड आत भाजेल का, हे कोणी बघायचं? महिनोन्‌महिने टाकीशेजारी राहून ते लाकूड वाळलं होतं, आकसलं होतं आणि पोलादावरची त्याची पकड सुटली होती. आमचा तबेला दमट आणि थंड. तिथे चार आठवडे राहून ते थोडं फुगायचं, म्हणून तिथे बरं वाटायचं.

मी दही न घेताच खाली आले आणि डॉक्टरांना सांगितलं. ते घास हातात धरून बसून राहिले.

"मी हा विचारच केला नाही," ते म्हणाले. "कपाट तेच होतं ना."

"मग आता त्याला ठेवायचं कुठे?" वहिनी म्हणाल्या. "गॅरेज ओलं. हॉलमध्ये मी ठेवू देणार नाही."

"माझ्या खोलीत ठेवा की," आई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"आई, त्यात बंदुका आहेत," वहिनी म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला. कुलपात आहेत ना? तुझ्या शिवणाच्या मशीनएवढासुद्धा आवाज नाही करणार त्या. मला कोणी विचारलंच नाही. परस्पर उचलून नेलंत कपाट, मला वाटलं चोरीबिरी झाली."

कपाट आईंच्या खोलीतल्या थंड भिंतीला लागलं. पोलीस परत आला, बोल्ट ओढून पाहिले. या वेळी त्याला चिवडाही मिळाला.

पण जे लाकूड आकसलं होतं ते आपोआप पूर्ववत होणार नव्हतं. उघडणं भाग होतं. डॉक्टरांनी एक रात्र विचार केला, मग फोन केला. "करा," एवढंच म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशी ते दुकानात आले, सोबत आर्थर. रॉनने डॉक्टरांना खुर्चीकडे बोट दाखवलं. "नातेवाइकांनी तिथे बसायचं."

रॉनने कड्या सोडवल्या, स्क्रू काढले आणि फोर-एंड तसूतसूने खाली ओढलं. ते सुटलं. त्याने ते उलटं करून दिव्याखाली धरलं आणि थांबला.

"डॉक, इकडे या जरा."

लाकूड जिथे पोलादाला टेकतं, तिथे दोन्ही बाजूंना वेगळ्या रंगाचे छोटे तुकडे बसवलेले होते. घट्ट, नेटके, सांध्यात नखसुद्धा जाणार नाही असे. लष्करातल्या कोणा आर्मररने, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने, फार पूर्वी हेच दुखणं तिथे बरं केलं होतं.

फॅक्टरीनंतर कोणी न उघडलेली रायफल!

डॉक्टर वाकून बघत होते. मग आर्थर हसायला लागले. पहिल्यांदा बारीक, मग काठी हातातून पडेपर्यंत. "अनटच्ड! डॉक, तुझ्या कुमारिकेचं आधी एक लग्न झालंय!"

डॉक्टरांचा चेहरा पडला होता. मला खरंच वाईट वाटलं त्यांचं. पण त्यांनी त्या जुन्या तुकड्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि ते सर्जन झाले. "सुंदर काम आहे," ते म्हणाले. "टाक्याची खूण नाही कुठे. कोणी केलं असेल हो?"

"माझ्यासारख्या कोणीतरी," आर्थर हसू आवरत म्हणाले, "तिला खांद्याला लावून चिखलात नेली असेल. तीही आजारी पडली असेल. मग कोणीतरी उघडली, बरी केली, आणि ती परत कामाला लागली." युद्धाबद्दल त्यांनी माझ्यासमोर उच्चारलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

मग ते डॉक्टरांना म्हणाले, "दुखतं का रे फार? नंतर?"

"पहिले काही दिवस दुखतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं नाही. "मग चालता येतं."

रॉन आणि मी दुसरीकडे बघत उभे राहिलो. मी एक स्क्रू पुसला. तो स्वच्छच होता.

रॉनने जुन्या तुकड्यांच्या मागे कागदाइतक्या पातळ लाकडी चकत्या घातल्या, त्यांना अळशीचं तेल पाजलं, निळा लेप लावून पुन्हा पुन्हा बसवून पाहिलं. रायफल जुळली, रेटा पाहिला, दुर्बीण चढली. खाणीतल्या रेंजवर भोकं पुन्हा एकमेकांना बिलगली आणि नळी तापली तरी बिलगूनच राहिली.

मॅचला मी आणि सुमतीवहिनीही गेलो. वहिनी कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घालून विणकाम करत होत्या. आर्थरना जमिनीवर आडवं व्हायला दोघांनी मदत करावी लागली. डॉक्टर शेजारी पडून वारा सांगत होते आणि प्रत्येक गोळीनंतर "सावकाश, सावकाश" म्हणत होते. आर्थर शेवटी म्हणाले, "डॉक, वारा सांग. पेशंट मी नंतर होईन." ते दुसरे आले. पहिला नंबर एका तरुण जोडीचा. आर्थर म्हणाले, वाऱ्याचा अंदाज चुकला. डॉक्टर म्हणाले, चाप हिसका देऊन ओढला. हा वाद माझ्या माहितीप्रमाणे कधीच मिटला नाही.

शरद ऋतूत खुब्याचं ऑपरेशन झालं. आर्थर काठी विसरून आमच्या दुकानात आले तेव्हा रॉनने चहात तीन चमचे साखर घातली. देवधर डॉक्टर मात्र त्या जुन्या तुकड्यांच्या धक्क्यातून महिनाभरातच सावरले होते. पुढच्या मंडळाच्या कार्यक्रमात मी त्यांना कोणालातरी सांगताना ऐकलं, "नुसती फॅक्टरीतली नाही हो. युद्धात आर्मररने दुरुस्त केलेली आहे. आतला पुरावा मी स्वतः पाहिलाय. अशी मिळत नाही."

मी आता रिटायर झाले आहे. एवढ्या वर्षांत शिकले ते थोडकंच. बिघडलेली वस्तू काउंटरवर आली, की तिला हात लावण्याआधी विचारायचं, "घरी ठेवता कुठे?" बहुतेक लोक सरळ सांगतात. काही जण चिडतात, "म्हणजे काय? व्यवस्थित ठेवतो!" जो चिडला, त्याच्या घरी जेवायला जावं.